ड्रॅगन मारून झाल्यावर घर लावताना

'द एल्डर स्क्रोल्स 5 : स्कायरिम' हा गेम 11 नोव्हेंबर 2011 रोजी बाजारात आला. आल्डुइन नावाचा ड्रॅगन जग गिळायला परतला आहे आणि त्याला थोपवायचं बळ फक्त तुमच्या अंगात आहे, अशी त्याची कथा. एवढं संकट डोक्यावर असताना खेळाडू तलवार घेऊन धावत सुटेल, असं कुणालाही वाटेल. पण हा गेम खेळणाऱ्यांच्या कितीतरी संध्याकाळी निराळ्याच कामात जातात. व्हाइटरन शहरातल्या एका लाकडी घरात टेबलावर चीजची गोल चकती ठेवायची, ती घरंगळली की पुन्हा उचलायची. शेजारी पेला उभा करायचा. भिंतीवर ढाल लावायची, दोन पावलं मागं सरकून बघायचं, मग ढाल काढून दुसरी लावायची. जगाचा अंत तोवर थांबून राहतो, कारण मुख्य कथा पुढं न्यायची की नाही हे गेमने खेळाडूवर सोडलेलं आहे.

या मांडामांडीकडे फावल्या वेळचा चाळा म्हणून पाहण्याची सवय आहे. ती चुकीची आहे. फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू शेकडो गुहा धुंडाळतो, हजारो वस्तू उचलतो आणि विकतो. पण ते जग त्याची खूण फार काळ बाळगत नाही. घर ही एकच जागा अशी असते, की तिथे ठेवलेली वस्तू तिथेच राहते. म्हणून घर लावणं हा त्या खेळाचा गाभ्यातला भाग आहे. तो कुठून आला, तो आतून कसा चालतो आणि चांगला कसा करावा, हे या प्रकरणात पाहू.

कागदावरच्या किल्ल्यापासून पडद्यावरच्या घरापर्यंत

या घराचा पाया संगणकावर नाही, कागदावर घातला गेला. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती यांवर खेळायचा हा खेळ. त्याच्या नियमांत पहिल्यापासून एक तरतूद होती : योद्धा नवव्या पातळीवर पोचून 'लॉर्ड' झाला की त्याने स्वतःचा किल्ला बांधावा आणि भोवतालच्या मुलखाचा कर घ्यावा. भटक्या साहसवीराने अखेर कुठेतरी मुळं धरावीत, ही कल्पना तेव्हापासून या प्रकारच्या खेळांत आहे. त्या किल्ल्यात खुर्ची कुठे ठेवली आहे, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

खुर्चीचा प्रश्न आला तो पडद्यावरच्या वस्तू हलवता येऊ लागल्यावर. रिचर्ड गॅरियट यांच्या मालिकेतला 'अल्टिमा 7' हा 1992 चा गेम. त्यात पीठ आणि पाणी घेऊन कणीक मळता येई आणि भट्टीत घालून पाव भाजता येई. खोकी एकावर एक रचून त्यांचा जिना करता येई. वस्तू ही नुसती पार्श्वभूमीवर रंगवलेली आकृती राहिली नाही. ती उचलता येऊ लागली, ठेवता येऊ लागली.

सप्टेंबर 1997 मध्ये त्याच मालिकेतून 'अल्टिमा ऑनलाइन' निघाला आणि हजारो खेळाडू एका जगात एकत्र आले. त्यांना जमिनीवर घर बांधता येत होतं. गेममध्ये पियानो नव्हता, म्हणून खेळाडूंनी तो बनवला. लाकडी पेट्या, खेळाचे पट आणि घडी केलेले कपडे नेमक्या क्रमाने एकमेकांवर ठेवले, की तिरकस कोनातून दिसणाऱ्या त्या चित्रात पियानो उमटत असे. अशाच युक्तीने कुणी माशांच्या काचपेट्या केल्या. निर्मात्यांच्या डोक्यात नसलेली वस्तू खेळाडूंनी हाती असलेल्या सामानातून उभी केली. गेममधल्या गृहसजावटीची कला खऱ्या अर्थाने इथे सुरू झाली, असं मी मानतो.

स्कायरिमची एल्डर स्क्रोल्स मालिका बेथेस्डा या अमेरिकी कंपनीची. 1996 च्या 'डॅगरफॉल'मध्ये घर आणि जहाज विकत घेता येई. 2002 च्या 'मॉरोविंड'मध्ये विकाऊ घर मिळत नव्हतं. सरदार घराण्यांच्या सेवेत बरंच वर चढलं की गढी बांधून मिळे, पण तोवर राहायचं कुठे? खेळाडूंनी यावर तोड काढली. बालमोरा गावातल्या ह्लालो वाड्याच्या मालकाचा खून झालेला असतो, वाड्यावर दावा सांगणारं कुणी नसतं. कित्येकांनी तिथेच बिऱ्हाड थाटलं. मॉरोविंडमध्ये वस्तू जिथे ठेवाल तिथे चिकटून राहत, खालचं टेबल काढून घेतलं तरी वरचं पुस्तक हवेत तरंगत राही. ते दिसायला विचित्र असलं, तरी सजावट करणाऱ्याच्या सोयीचं होतं.

2006 च्या 'ऑब्लिव्हियन'ने जवळजवळ प्रत्येक शहरात घर दिलं. राजधानीच्या बंदरालगतची झोपडी 2,000 सुवर्णमुद्रांना होती, तर स्किनग्रॅडमधला रोझथॉर्न हॉल 25,000 ला. याच गेममध्ये वस्तूंना वजन आणि गती मिळाली. त्याचे भलेबुरे परिणाम स्कायरिमच्या खेळाडूंच्या वाट्याला आले.

पाच शहरं, पाच स्वभाव

मूळ स्कायरिममध्ये पाच घरं विकत मिळतात. त्यांत ब्रीझहोम सगळ्यात स्वस्त, 5,000 मुद्रांचं. व्हाइटरनच्या यार्लची, म्हणजे तिथल्या सरदाराची, कामं करून विश्वास मिळवला की त्याचा कारभारी घर विकायला तयार होतो. शहराच्या दरवाज्यातून आत शिरताच लोहाराचं दुकान लागतं आणि त्याला लागूनच हे घर. आत मधोमध चूल, वर माळ्यावर निजायची खोली. चिलखत मांडायचा पुतळा ठेवायलाही जागा नाही. तरी अनेकांचा जीव याच घरावर असतो. मोहिमेवरून ओझ्याने वाकून आलेल्या माणसाला लोहार आणि संदूक दोन्ही हाताशी मिळतात, हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे ते बहुतेकांचं पहिलं घर असतं.

रिफ्टनचं हनीसाइड आणि मार्कार्थचं व्लिन्ड्रेल हॉल ही दोन्ही घरं 8,000 ची, पण स्वभावाने अगदी निराळी. हनीसाइड तळ्याच्या काठावर आहे. मागच्या ओट्यावर वाफे आहेत आणि औषधी वनस्पती लावायची सोय आहे. व्लिन्ड्रेल हॉल डोंगराच्या पोटात कोरलेलं. भिंती दगडी, पलंग दगडी, सगळीकडे लुप्त झालेल्या ड्वेमर लोकांची पितळी कारागिरी. विंडहेल्मचं ह्येरिम 12,000 चं. तिथे एका खुनाचा माग लागतो आणि सजावटीच्या यादीत खुन्याचा पसारा साफ करून घेण्याचं कामही पैसे मोजून करावं लागतं. सॉलिट्यूडचं प्राउडस्पायर 25,000 चं, अनेक मजल्यांचं आणि श्रीमंती थाटाचं.

घर मिळतं तेव्हा ते जवळजवळ रिकामं असतं. स्वयंपाकघर, जेवणघर, झोपायची खोली, औषधांची प्रयोगशाळा, असे भाग कारभाऱ्याकडून एकेक करून विकत घ्यावे लागतात. या सामानाची जागा ठरलेली असते, ते सरकवता येत नाही. म्हणजे खोलीचा सांगाडा निर्मात्यांचा आणि त्यावरची मांडणी खेळाडूची. फळीवर काय ठेवायचं, हत्यारांच्या खुंट्यांवर काय टांगायचं, पुतळ्याला कोणतं चिलखत चढवायचं आणि टेबलावर काय वाढून ठेवायचं, एवढा प्रांत त्याच्या हाती राहतो. तो छोटा आहे आणि म्हणूनच त्यात विचार करावा लागतो.

वस्तू हातात धरताना

स्कायरिममध्ये वाडग्यासारखी फुटकळ वस्तूही उचलता येते, फेकता येते, रचता येते. यामागे हॅवोक नावाची संगणकप्रणाली आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधून 1998 मध्ये निघालेल्या कंपनीने ती बनवली. वस्तूचं वजन, वेग, घर्षण आणि टक्कर यांची गणितं ती सेकंदाला अनेक वेळा सोडवते.

डोळ्यांना दिसतो तो वाडग्याचा आकार बारीक नक्षीचा असतो. टक्कर मोजायला मात्र त्याच्याभोवती एक अदृश्य, सोपा आकार कल्पिलेला असतो. दिसणारे काठ आणि गणितातले काठ तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे दोन वस्तू दिसायला सुट्या असतात, पण गणिताच्या दृष्टीने एकमेकांत घुसलेल्या असतात. असं झालं की प्रणाली त्यांना झटक्याने दूर लोटते. स्थिर झालेल्या वस्तूंना ही प्रणाली 'झोपवते', म्हणजे त्यांचं गणित थांबवते, नाहीतर संगणकावर फुकटचा भार पडेल. खेळाडू घरात शिरला, की खोली नव्याने भरली जाते, वस्तू जाग्या होतात, घुसलेले काठ एकमेकांना ढकलतात आणि तासभर खपून लावलेलं टेबल डोळ्यांदेखत उधळतं. हा अनुभव न आलेला सजावटकार विरळा.

त्यात आणखी एक अडचण. मूळ स्कायरिममधली ही गणितं पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो, हे गृहीत धरून बांधलेली आहेत. ताकदवान संगणकावर हा आकडा मोकळा सोडला की गणिताचा ताल चुकतो आणि पेले-ताटल्या आपसूक उडू लागतात. म्हणून जाणकार खेळाडू पडद्याचा वेग 60 वर बांधून घेतात.

वस्तू हाती धरायला बटण दाबून ठेवावं लागतं, पण ती हवी तशी वळवायची सोय मूळ गेममध्ये नाही. खेळाडूंनी त्यावर हातचे उपाय शोधले. खंजीर वळवायचा तर त्याचं टोक टेबलाच्या कडेला टेकवून हळूच सरकवायचं. लांबच्या उंच फळीसाठी वस्तू दुरून उचलणारा टेलिकिनेसिसचा मंत्र वापरायचा. पोतडीतून वस्तू जमिनीवर टाकली की लगेच मांडायची नाही. आधी घराबाहेर जाऊन परत यायचं आणि मग मांडायची, म्हणजे ती जागा धरण्याची शक्यता वाढते, असं जुने खेळाडू नवख्यांना सांगतात. पीसीवर आज्ञा टाइप करायची 'कन्सोल' नावाची खिडकी उघडून वस्तूचा कोन आणि उंची आकड्यांनी ठरवता येते. 'जॅक्सॉन्झ पोझिशनर'सारखे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेले जोडभाग, हेच काम सोपं करतात आणि वस्तू जागेवर खिळवूनही ठेवतात.

इतका त्रास असूनही मला हॅवोकचं वजनदार जग मॉरोविंडच्या चिकट जगापेक्षा अधिक प्रिय आहे. वस्तू पडू शकते म्हणूनच ती उभी राहिल्याचं मोल वाटतं. दुकानदाराच्या डोक्यावर बादली उपडी घालून त्याच्या डोळ्यांदेखत चोरी करण्याची स्कायरिममधली प्रसिद्ध युक्ती याच गुणातून निघाली : बादली खरीखुरी आड येते आणि दुकानदाराला खरंच दिसत नाही. ज्या जगात बादली इतकी खरी असते, त्याच जगात फळीवरचा पेलाही खरा वाटतो.

जगाचा विसर आणि घराची आठवण

आता गाभ्याच्या मुद्द्याकडे येऊ. स्कायरिममधली एखादी गुहा तुम्ही सोडली, की तिच्यासाठी एक घड्याळ सुरू होतं. गेममधले 10 दिवस उलटल्यावर ती पूर्ववत होते. तुम्ही ती पूर्ण जिंकली असेल, तर 30 दिवसांनी. गेमचा काळ प्रत्यक्षापेक्षा 20 पट वेगाने धावतो, म्हणजे तिथला एक दिवस आपल्या 72 मिनिटांचा. सलग खेळलं तर साधारण 12 तासांत तुमच्या पराक्रमाची खूण पुसली जाते. मेलेले डाकू जातात, नवे येतात. एखाद्या पिंपात ठेवलेलं सोनंही त्या पुसापुशीत नाहीसं होतं आणि कितीतरी नवशिके खेळाडू असे नागवले गेले आहेत.

विकत घेतलेलं घर या नियमातून वगळलेलं असतं. तिथलं संदूक कधीही रिकामं होत नाही आणि त्याला भरण्याची मर्यादाही नाही. खेळाडूच्या पाठीवर सुरुवातीला 300 एकक वजनच मावतं आणि एका ड्रॅगनच्या हाडाचं वजन 15 असतं, हे लक्षात घेतलं तर घर आधी कोठार म्हणून का लागतं ते कळतं. कोठारातून सजावट जन्माला येते. विकायला मन होत नाही अशी वस्तू हाती उरते आणि तिच्यासाठी जागा शोधावी लागते.

ही आठवण साठवायची कशी? सेव्ह फाइलमध्ये अख्खं जग लिहिलेलं नसतं. मूळ जग गेममध्ये असतंच. त्यात तुमच्यामुळे काय बदललं, एवढीच नोंद फाइलमध्ये होते. हलवलेल्या प्रत्येक वस्तूची ओळखखूण, जागा आणि कोन त्यात चढतो. जितकी मांडामांड जास्त, तितकी नोंद मोठी. 2011 च्या हिवाळ्यात प्लेस्टेशन 3 वरच्या खेळाडूंना याचा चटका बसला : सेव्ह फाइल फुगत जाई तसा गेम अडखळू लागे. त्याच जातीच्या इंजिनावर 'फॉलआउट : न्यू व्हेगास' बनवणारे दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी तेव्हा या अडचणीचा उलगडा जाहीरपणे केला होता. जगातले बदल साठत जातात आणि प्लेस्टेशन 3 ची स्मृती 256-256 मेगाबाइटच्या दोन वेगळ्या कप्प्यांत विभागलेली असल्याने एका कप्प्यातली मोकळी जागा दुसऱ्याच्या मदतीला येत नाही, असा त्याचा आशय होता. टेबलावर ठेवलेला पेला यंत्रालाही आठवावा लागतो आणि त्या आठवणीची किंमत मोजावी लागते.

चुना, माती, खिळे : हार्थफायर

स्कायरिम पूर्ण झाल्यावर बेथेस्डाने आपल्या लोकांना एक आठवडा मोकळा दिला आणि मनाला येईल ते गेममध्ये बनवून पाहायला सांगितलं. गेमचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी फेब्रुवारी 2012 मध्ये एका परिषदेत त्या आठवड्याची चित्रफीत दाखवली. त्यात स्वतःचं घर बांधणं आणि अनाथ मुलांना दत्तक घेणं, या कल्पना होत्या. त्यांतून 'हार्थफायर' हा जोडभाग तयार झाला आणि 4 सप्टेंबर 2012 रोजी तो एक्सबॉक्स 360 वर आला.

यात तीन जागी जमीन मिळते, प्रत्येकी 5,000 मुद्रांना. फॉकरीथच्या जंगलात तळ्यावर नजर टाकणारं लेकव्ह्यू मॅनर, दलदलीच्या काठचं विंडस्टॅड मॅनर आणि बर्फाळ पठारावरचं हेल्यार्कन हॉल. माती आणि दगड घराजवळच खणून काढायचे, ओंडके लाकूडगिरणीतून आणायचे, लोखंडाच्या एका कांबीतून दहा खिळे पाडायचे. बिजागऱ्या, कुलपं, काच, पेंढा, सगळं गोळा करायचं. आधी छोटं घर, मग मोठा दिवाणखाना, मग तीन बाजूंना तीन दालनं. प्रत्येक बाजूला तीनपैकी एकच पर्याय निवडता येतो. पूर्वेला स्वयंपाकघर, ग्रंथालय किंवा शस्त्रागार. पश्चिमेला शयनगृह, मंत्रसाधनेचा मनोरा किंवा वनस्पतीगृह. उत्तरेला कोठार, औषधशाळा किंवा शिकारीच्या स्मृतिचिन्हांचं दालन. अशी एकूण 27 प्रकारची घरं होऊ शकतात. शिवाय लेकव्ह्यूला मधमाश्यांच्या पेट्या, विंडस्टॅडला मत्स्यपालन आणि हेल्यार्कनला धान्याची चक्की, हे ज्याचं त्याचं वेगळेपण.

इथेही खुर्चीची जागा ठरलेलीच आहे, आणि मोकळेपणा हवा असणाऱ्यांना ते खटकलं. तरी हार्थफायरने एक मोठी गोष्ट केली. खेळाडूला निवड करायला लावली. जुन्या ब्रीझहोममध्येही मुलांची खोली हवी असेल तर औषधांची प्रयोगशाळा काढावी लागते. मूल की किमया, हा प्रश्न ज्या घरात उभा राहतो ते घर खेळाडूचं असतं. बांधण्याची ही हौस पुढे बेथेस्डाच्याच 2015 च्या 'फॉलआउट 4'मध्ये अख्ख्या वस्त्या उभारण्यापर्यंत गेली.

घर लावण्याची कला

स्कायरिमच्या जगाची मांडणी कशी झाली, हे बेथेस्डाच्या जोएल बर्जेस आणि नेट पर्कीपाइल यांनी 2013 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सांगितलं. पाच मोठी शहरं आणि तीनशेहून अधिक गुहा-भुयारं दहाच जणांच्या चमूने रचली : दोन कलावंतांनी भिंती, कमानी, जिने असे सुटे भाग तयार केले आणि आठ रचनाकारांनी ते जोडले. भाग तेच असूनही जागा निरनिराळ्या वाटतात, कारण प्रत्येक जागी वस्तूंमधून छोटी गोष्ट सांगितली आहे. सांगाड्याच्या हाताजवळ पडलेली दारूची बाटली, अर्धवट खणलेला खड्डा, मेजावरचं शेवटचं पत्र. घर लावणाऱ्याने शिकायचं ते इथून.

पहिली गोष्ट म्हणजे साठवण आणि मांडणी वेगळी ठेवावी. उपयोगाचं सामान संदुकांत जावं : कांबी एकात, औषधं दुसऱ्यात, तलवारी तिसऱ्यात. फळीवर फक्त तेच यावं, ज्यामागे आठवण आहे. ब्लीक फॉल्सच्या भुयारातला सोनेरी पंजा, ड्रॅगन पुरोहितांचे मुखवटे, पहिल्या ड्रॅगनचं एखादं हाड. बरणीत बंद केलेले पाच कीटकही अनेकजण हौसेने जमवतात. फुलपाखरू, मधमाशी, चतुर, पतंग आणि काजवा. त्या बरण्यांच्या झाकणांवर गूढ खुणा कोरलेल्या आहेत आणि गेममध्ये त्यांचा उलगडा कुठेच होत नाही. अशी निरुपयोगी वस्तू पाचही मिळेपर्यंत कुणी शोधत राहतो, तेव्हा त्याने त्या जगाशी स्वतःचं नातं जोडलेलं असतं.

दुसरी गोष्ट, घराला राहणाऱ्याचा स्वभाव असावा. नॉर्ड जमातीच्या योद्ध्याच्या घरात ढाली, शिंगं आणि मधाच्या दारूचे पेले शोभतील. मंत्रविद्येच्या अभ्यासकाकडे पुस्तकं हवीत. स्कायरिममध्ये वाचता येतील अशी तीनशेहून अधिक पुस्तकं आहेत आणि त्यांतली बरीच मालिकेतल्या जुन्या गेममधून चालत आली आहेत, तेव्हा ग्रंथालय करणं हा एक स्वतंत्र छंद होतो. बेथेस्डानेही हे ओळखलं. 2021 च्या वर्धापन आवृत्तीत जादूगारासाठी मायरवॉच हा मनोरा आहे, चोरासाठी रिफ्टनच्या पोटातलं शॅडोफूट सँक्टम आणि रक्तपिपासूसाठी ब्लडचिल मॅनर.

तिसरी गोष्ट, थोडक्यात गोडी ठेवावी. दिवाळीत मातीचा किल्ला करणारी मुलं प्रत्येक मावळ्याची जागा ठरवताना तो तिथे का उभा आहे याचं कारण सांगतात. दरवाज्यावर पहारेकरी, बुरुजावर तोफ, पायथ्याशी बाजार. घरातल्या वस्तूलाही असं कारण हवं. आगटीजवळच्या खुर्चीशेजारी एकच पेला आणि एकच पुस्तक ठेवलं, तर तिथे कुणी बसतं हे कळतं. तिथेच वीस पेले ठेवले तर दुकान होतं. गर्दी केली की हॅवोकही सूड उगवतं, कारण जवळजवळ ठेवलेल्या वस्तू एकमेकींना ढकलतात. कलेचा आणि यंत्राचा सल्ला इथे एकच आहे.

चौथी गोष्ट उजेडाची. विकत घेतलेल्या घरात नवे दिवे मांडायची सोय मूळ गेममध्ये नाही. म्हणून जिवाभावाची वस्तू चुलीच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात येईल अशी बसवावी आणि दारातून शिरताच ती दिसते का, हे बाहेर जाऊन परत येऊन पाहावं.

ज्यांना हेही पुरत नाही त्यांनी संग्रहालयंच उभी केली. 'लेगसी ऑफ द ड्रॅगनबॉर्न' हा खेळाडूंनी बनवलेला मॉड सॉलिट्यूडमध्ये एक भव्य वस्तुसंग्रहालय उघडतो. हत्यारं, मुखवटे, दुर्मीळ ग्रंथ, नाणी, रत्नं यांसाठी त्यात दालनं आहेत आणि प्रत्येक वस्तूला नेमून दिलेली जागा आहे. ती भरण्यासाठी खेळाडू पुन्हा अख्खा मुलूख पालथा घालतो. इथे सजावट साहसाचा शेवट राहत नाही, तिच्यामुळेच साहसाला निघावंसं वाटतं.

शेजारी आले की

एकट्याच्या गेममधलं घर फक्त मालक पाहतो. अनेकांच्या गेममध्ये शेजारी येतात आणि त्यांच्याबरोबर जागेची टंचाईही येते. 'फायनल फँटसी 14'मध्ये घरांचे भूखंड मोजके आहेत. मालक 45 दिवस घरात फिरकला नाही, तर ते आपोआप पाडलं जातं आणि जागा दुसऱ्याला मिळते. नियम कठोर आहे, पण तो चालवणाऱ्यांना माणसांचं भान आहे : जानेवारी 2024 मध्ये जपानच्या नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा ही पाडापाडी थांबवण्यात आली. ज्यांचं खरं घर हललं होतं, त्यांचं पडद्यावरचं घर तरी टिकलं. 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये 2017 मध्ये घरं आली तेव्हा वस्तूंच्या संख्येवर बंधन होतं : सर्वांत मोठ्या वाड्यात 350, वर्गणीदाराला 700. बदल्यात स्कायरिममध्ये नसलेलं स्वातंत्र्य मिळालं. वस्तू कुठल्याही कोनात वळवा, जमिनीत अर्धी पुरा, हवेत लटकवा, ती हलणार नाही. अल्टिमातल्या पियानोवाल्यांचे वारसदार तिथे फळ्या-खांबांतून जहाजं आणि मंदिरं रचतात.

या सगळ्या घरांची उपयुक्तता मोजायला गेलं तर हाती फार काही लागत नाही. भिंतीवर ढाल लावल्याने खेळाडूचं बळ वाढत नाही, टेबलावरच्या पावाने ड्रॅगन मरत नाही. तरीही पन्नास वर्षांत कागदापासून पडद्यापर्यंत प्रत्येक पिढीच्या खेळाडूंनी घर मागितलं आणि मिळालं नाही तिथे स्वतः करून घेतलं. जिंकणं प्रत्येकाच्या वाट्याला सारखंच येतं, कारण आल्डुइन सगळ्यांकडून एकाच तऱ्हेने मरतो. घर मात्र दोघांचं एकसारखं होत नाही. एखाद्या गेममध्ये खेळाडूला किती मोकळीक आहे हे ताडायचं असेल, तर तिथली लढाई नंतर बघावी, आधी तिथलं घर बघावं.

तुमच्या घरात कुणी असा गेम खेळत असेल, तर त्याला पातळी किती झाली, किती राक्षस मारले, हे विचारू नका. त्याचं घर दाखवायला सांगा आणि फळीवरच्या एकेका वस्तूकडे बोट दाखवून ती कुठून आणली ते विचारा. मग निवांत बसून ऐका.